लाइट गेली तर सर्व्हरने काय करायचं : नट, आयपीएमआय आणि स्मार्टडी, चार वर्षं वापरून झाल्यावर

सातारा जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेचं सगळं आयटी मी एकटाच बघतो. हेड ऑफिस आणि ६ शाखा. सर्व्हर रूम म्हणजे रेकॉर्डच्या खोलीत पार्टिशन टाकून काढलेली जागा, त्यात एक टॉवर सर्व्हर, एक जुना बॅकअप सर्व्हर, ३ केव्हीएचा ऑनलाइन (म्हणजे सतत इन्व्हर्टरमधूनच वीज देणारा) यूपीएस, स्विच आणि दीड टनाचा स्प्लिट एसी. रात्री वर कोणी नसतं, वॉचमन मामा खाली गेटवर. म्हणजे संध्याकाळी सातनंतर काही झालं तर मशीननेच हाक मारायची आणि जमलं तर मशीननेच सावरायचं. त्यासाठी मी चार वर्षांपासून तीन फुकटच्या गोष्टी वापरतोय: यूपीएसशी बोलायला नेटवर्क यूपीएस टूल्स, ज्याला सगळे नट म्हणतात, बोर्डवरच्या सेन्सरसाठी आयपीएमआय आणि डिस्कसाठी स्मार्टडी. तिन्ही डेबियन लिनक्सवर.

आधीच सांगतो म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांचं काम होईल. नट घ्याच, पण अख्खा शनिवार हाताशी ठेवून बसा. आयपीएमआयचे अलर्ट घ्या, त्यातलं आपोआप पॉवर ऑफ मात्र विचार करून. स्मार्टडी अर्ध्या तासाचं काम आहे, ते आजच करा.

आणि सेटिंगच्या आधी एक गोष्ट कागदावर लिहून काढा, ही मला फार उशिरा कळली. प्रत्येक घटनेसमोर लिहायचं की इथे मशीनने हात लावायचा की फक्त हाक मारायची. लाइट गेली तर हात लावायचा, कारण बॅटरी संपायला वेळ लागत नाही आणि मी तेवढ्यात पोचू शकत नाही. खोली तापली तर आधी हाक, ऐकलं नाही तर हात. डिस्क खराब व्हायला लागली तर नुसती हाक, मशीनने काहीही करायचं नाही. ही वाटणी न करता मी सुरुवातीला सगळीकडे ऑटोमॅटिकचे टिक लावत सुटलो होतो, त्याचं काय झालं ते पुढे येईलच.

तर नट. आमचा यूपीएस साधा, मागे यूएसबी पोर्ट आहे, सोबत एक सीडी आली होती ती कपाटातच आहे. आपल्याकडे मिळणाऱ्या बऱ्याच यूपीएसच्या आत मेगाटेक नावाचा जुना प्रोटोकॉल, म्हणजे कॉम्प्युटरशी बोलायची भाषा, असतो, ब्रँड कुठलाही असो. नटमध्ये त्याच्यासाठी नटड्रव्ह-क्यूएक्स हा ड्रायव्हर आहे. महागडे यूपीएस यूएसबी-एचआयडीवर बोलतात, त्यांचा ड्रायव्हर वेगळा, आणि ते बॅटरी किती टक्के, किती मिनिटं उरली हे स्वतः सांगतात. मेगाटेकवाले ते सांगत नाहीत. व्होल्टेज, लोड, फ्रिक्वेन्सी, तापमान आणि काही हो-नाहीचे बिट, एवढंच. टक्केवारी नट अंदाजाने काढतं, आणि तो अंदाज बरोबर यायला आपण त्याला आकडे द्यावे लागतात.

इथे मी दोन दिवस अडकलो म्हणून जरा सविस्तर लिहितो. आमच्या यूपीएसमध्ये १२ व्होल्टच्या ८ बॅटऱ्या, म्हणजे ९६ व्होल्टची बँक. नट मात्र बॅटरी व्होल्टेज २.२७ दाखवायचं. मला वाटलं ड्रायव्हर चुकीचा, तीन वेळा बदलला. नंतर मेगाटेकचा प्रोटोकॉल वाचला तेव्हा कळलं की ऑनलाइन यूपीएस अख्ख्या बँकेचं नाही, एका सेलचं व्होल्टेज सांगतो. १२ व्होल्टच्या एका बॅटरीत ६ सेल, ८ बॅटऱ्यांत ४८. २.२७ गुणिले ४८ केलं की १०८.९६, फ्लोट चार्जवर (भरून चार्जरला लागून) असलेल्या ९६ व्होल्टच्या बँकेचा हाच आकडा यायला हवा. मल्टिमीटर लावून बघितलं, १०९ च्या जवळ. मग कॉन्फिगरेशनमध्ये बॅटरी पॅक ४८ असं ओव्हरराइड केलं, वरची आणि खालची व्होल्टेजची मर्यादा दिली आणि टक्केवारी माणसात आली. ज्यांच्याकडे ६ बॅटऱ्यांचा यूपीएस आहे त्यांनी ३६ घ्यायचे.

तरीही मी टक्केवारीवर शटडाउन ठेवत नाही. बॅटऱ्या दोन उन्हाळे काढल्यावर व्होल्टेज दाखवतात छान आणि लोड आला की धाडकन बसतात. यूपीएसचा स्वतःचा लो बॅटरीचा सिग्नलही आमच्याकडे इतका उशिरा येतो की तोवर विंडोजची व्हर्च्युअल मशीन (सर्व्हरच्या आत सॉफ्टवेअरने चालवलेला कॉम्प्युटर) बंद होणं शक्य नाही. म्हणून वेळेवर चालतो: लाइट गेल्यावर ३० सेकंदांनी मेसेज, १० मिनिटांत लाइट आली नाही तर शटडाउन. हे यूपीएसस्केड नावाच्या भागातून होतं, लाइट गेली की टायमर चालू, लाइट आली की टायमर रद्द. ३० सेकंद का, तर आमच्याकडे पावसाळ्यात लाइट दिवसातून आठ-दहा वेळा नुसती डोळा मारून जाते, प्रत्येक वेळी मेसेज आला तर चौथ्या दिवशी माणूस मेसेज बघायचं सोडून देतो.

१० मिनिटं कुठून आली? नवीन बॅटऱ्यांवर आमच्या लोडला साधारण ३५ मिनिटं मिळतात. सगळ्या व्हर्च्युअल मशीन बंद व्हायला एरवी चारच मिनिटं लागतात, पण एकदा टेस्टच्या दिवशी विंडोजचे अपडेट पेंडिंग होते आणि ती मशीन बंद व्हायला ११ मिनिटं लागली, स्क्रीनवर टक्के मोजत बसली होती. म्हणजे १० आणि ११ झाले २१, वर थोडी सूट. बॅटऱ्या जुन्या झाल्या की हा हिशेब पुन्हा मांडायचा, मी दर सहा महिन्यांनी मांडतो. आणि अपडेट आता रात्री माझ्यासमोरच करतो.

नटमधल्या तीन जागा अशा आहेत की जिथे हमखास पाय अडकतो.

पहिली, डेबियनवर इन्स्टॉल केल्यावर नट चालूच होत नाही, कारण मोड 'नन', म्हणजे कुठलाच नाही, असा ठेवलेला असतो. एकच मशीन असेल तर स्टँडअलोन, दोन असतील तर नेटसर्व्हर करावं लागतं. एरर पण असा येतो की कळत नाही कुठे बघायचं.

दुसरी, मेसेज पाठवायची स्क्रिप्ट लिहिली, तिचा पत्ता नोटिफाय कमांडमध्ये दिला, हाताने चालवली तर चालते, लाइट गेल्यावर मात्र काहीच होत नाही. कारण प्रत्येक घटनेपुढे 'एक्झेक' हा फ्लॅग वेगळा लावावा लागतो. न लावल्यास नट फक्त सिसलॉगमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या नोंदवहीत, लिहितं आणि लॉगिन असलेल्यांच्या टर्मिनलवर ओळ टाकतं. रात्री दोन वाजता आमच्या सर्व्हरवर लॉगिन कोण असणार? मी हे लावून आठवडाभर निर्धास्त होतो आणि एकही मेसेज निघणार नव्हता.

तिसरी सगळ्यात महत्त्वाची. सुरुवातीला माझ्या स्क्रिप्टमध्ये १० मिनिटांनी साधी लिनक्सची शटडाउन कमांड होती. एका गुरुवारी पहाटे लाइट गेली, दहा मिनिटांनी सर्व्हर नीट बंद झाला, सोळाव्या मिनिटाला लाइट आली. यूपीएस बंद पडलाच नव्हता, बॅटरी शिल्लक होती, म्हणजे सर्व्हरच्या दृष्टीने वीज गेलीच नाही. मग तो स्वतःहून चालू कशाला होईल? सकाळी साडेनऊला काउंटरवर पिग्मी एजंट उभे, शाखांचे फोन चालू, मी बसमध्ये, आणि वर सर्व्हर एकदम थंड आणि शांत. मॅनेजर साहेबांना फोनवरून बटण कुठे आहे ते सांगितलं.

याचं उत्तर नटमध्ये आहे, मी वापरलं नव्हतं. साधी शटडाउन कमांड द्यायची नाही, यूपीएसमॉनला (नटचा यूपीएसवर नजर ठेवणारा भाग) एफएसडी, म्हणजे फोर्स्ड शटडाउन सांगायचं. तो एक किलपॉवर नावाची खुणेची फाइल बनवतो, मशीन बंद होता होता अगदी शेवटी ती फाइल दिसली की यूपीएसला हुकूम जातो: आता तूही आउटपुट तोड आणि लाइट असली किंवा आली की परत दे. नटड्रव्ह-क्यूएक्सला ३० सेकंदांनी तोडायचं आणि १८० सेकंदांनी परत द्यायचं हे आधीपासून ठरलेलं असतं. म्हणजे मधेच लाइट आली तरी सर्व्हरचा सप्लाय एकदा तुटतो आणि पुन्हा येतो. बायोसमध्ये (बोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) वीज परत आल्यावर काय करायचं याला 'पॉवर ऑन' ठेवायचं, 'लास्ट स्टेट' नाही, कारण शेवटची अवस्था तर बंदच होती. हे दोन्ही जुळलं तेव्हापासून रात्री कितीही वेळा लाइट गेली-आली तरी सकाळी सर्व्हर चालू सापडतो. एवढ्या एका गोष्टीसाठी मी नटला पाचपैकी पाच द्यायला तयार आहे.

दोन मशीन एका यूपीएसवर असतील तर अजून थोडं. ज्याला यूएसबी लावली तो प्रायमरी, दुसरा नेटवर्कवरून ऐकणारा सेकंडरी (२०२२ च्या २.८.० पासून ही नावं आली, जुन्या लेखांत मास्टर-स्लेव्ह सापडेल). प्रायमरी एफएसडी जाहीर करतो, सेकंडरी बंद व्हायला लागतो, प्रायमरी त्याच्यासाठी थांबतो. पण लक्षात घ्या, सेकंडरी जोडणी सोडतो ती बंद व्हायला *लागताना*, पूर्ण बंद झाल्यावर नाही. आमचा बॅकअप सर्व्हर जुना, त्याला वेळ लागतो, म्हणून तोडायचे ३० सेकंद मी १२० केले. आणि मधला स्विचसुद्धा त्याच यूपीएसवर हवा, नाहीतर सेकंडरीला काही ऐकूच येणार नाही.

स्विचवरून आठवलं, राउटर. पहिल्या खऱ्याखुऱ्या टेस्टला मी शनिवारी ऑफिस सुटल्यावर यूपीएसचा मेन प्लग ओढला. लॉगमध्ये सगळं बरोबर दिसत होतं आणि मोबाइलवर एकही मेसेज नाही. फायबरचा डबा आणि राउटर पुढच्या हॉलमध्ये, साध्या बोर्डावर! त्या दिवशी प्लग ओढला म्हणून फक्त यूपीएसची लाइट गेली होती, राउटर चालू होता, तरी मेसेज नव्हता, तो वेगळ्या कारणाने (वर लिहिलेला एक्झेक). पण तिथे उभं राहिल्यावर डोक्यात आलं की खरी लाइट जाईल तेव्हा हा डबाच आधी मरणार. त्याच संध्याकाळी वायर ओढून दोन्ही यूपीएसवर घेतले. १५ वॉटपण नाही घेत.

नटबद्दल तक्रार एकच, स्वस्त यूपीएसच्या यूएसबी चिप अधूनमधून झोपतात आणि नट 'डेटा स्टेल' (माहिती शिळी) म्हणायला लागतं. केबल काढून लावली की येतं. यात धोका असा की लाइट गेलेली असताना संपर्क तुटला तर नट वाईटातलं वाईट धरून शटडाउन घेतं, जे बरोबरच आहे. पण लाइट असताना तुटला आणि तुम्हाला कळलंच नाही तर पुढच्या वेळी सर्व्हर आंधळा. म्हणून कॉमबॅड (संपर्क तुटला) आणि नोकॉम (संपर्कच होत नाही) या दोन घटनांचा मेसेज मी लाइट गेल्याच्या मेसेजइतकाच मोठा ठेवलाय. बहुतेक लोक हे दोन फ्लॅग सोडून देतात, सोडू नका.

आता आयपीएमआय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सर्व्हरच्या बोर्डवर बीएमसी नावाचा एक छोटा वेगळा कॉम्प्युटर असतो, मुख्य सर्व्हर बंद असला तरी तो जागा असतो, पंखे, तापमान, व्होल्टेज, पॉवर सप्लाय बघत असतो आणि काही झालं की सिस्टिम इव्हेंट लॉगमध्ये लिहितो. आयपीएमआय ही त्याच्याशी बोलायची भाषा, १९९८ ची, इंटेल, डेल, एचपी आणि एनईसी यांनी मिळून काढलेली, २.० आवृत्ती २००४ ची. आता नवीन सर्व्हरवर त्याच कामाचं रेडफिश आलंय, डीएमटीएफ या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं, २०१५ पासून, ते एचटीटीपीएसवर चालतं आणि घटना थेट तुमच्या पत्त्यावर पाठवतं, तुमच्याकडे असेल तर तेच वापरा. आमची मशीन जुनी, मी आयपीएमआयटूलवर आहे.

त्यात पीईएफ म्हणून प्रकार आहे, प्लॅटफॉर्म इव्हेंट फिल्टरिंग. घटना निवडायची आणि समोर कृती: अलर्ट पाठव, पॉवर ऑफ कर, रीसेट कर, पॉवर सायकल कर. सगळं बीएमसीच करतो, लिनक्स लटकलेलं असलं तरी. ऐकायला फार भारी. मीही तापमानाच्या ओळीसमोर पॉवर ऑफ लावलं होतं. पण हे पॉवर ऑफ म्हणजे बटण दाबून धरल्यासारखं, ऑपरेटिंग सिस्टिमला कोणी विचारत नाही, डेटाबेस उघडा असेल तर तसाच तुटतो. लाइट जाऊन सर्व्हर धाडकन बंद पडू नये म्हणून मी एवढा खटाटोप केला आणि इथे स्वतःच्या हाताने तेच लावून ठेवलं होतं. आता पीईएफमध्ये माझ्याकडे फक्त अलर्ट आहेत. अगदीच टोकाला प्रोसेसर तापला तर हार्डवेअर स्वतःला बंद करतंच, त्याला आपल्या टिकची गरज नाही.

दुसरी अडचण मर्यादेची. आमच्या बोर्डवर समोरून आत येणाऱ्या हवेच्या तापमानाची क्रिटिकल मर्यादा ४२ अंश आहे. अमेरिकेतली ॲश्रे ही संस्था सर्व्हरला येणारी हवा १८ ते २७ अंश असावी म्हणते. २७ आणि ४२ मध्ये केवढं अंतर आहे बघा, बीएमसी ४२ ला ओरडेल तेव्हा खोली कधीच हातची गेलेली असते. मर्यादा आयपीएमआयटूलने बदलता येते पण बऱ्याच मशीनवर बीएमसी रीसेट झाला की जुना आकडा परत येतो, आमच्याकडे आला. म्हणून मी दर दोन मिनिटांनी सेन्सर वाचणारी छोटी स्क्रिप्ट ठेवली. ३० ला मेसेज, ३३ ला पुन्हा मेसेज आणि मॅनेजर साहेबांनाही, ३८ ला शटडाउन.

ही स्क्रिप्ट एका एप्रिलच्या रविवारी कामाला आली. दुपारी लाइट २० सेकंद गेली आणि आली. यूपीएसने सर्व्हरला कळूही दिलं नाही, ३० सेकंद झाले नाहीत म्हणून मेसेजही नाही. पण एसी यूपीएसवर नसतो, तो बंद झाला आणि त्याला आपोआप चालू व्हायची सोय नव्हती. मी कराडला लग्नात, जेवणाच्या पंगतीत, ३० चा मेसेज आला, हात धुवेपर्यंत ३१. मामांना फोन लावला.

"मामा, जरा वर जाऊन सर्व्हर रूमचा एसी चालू आहे का बघता का?"

दोन मिनिटांनी त्यांचाच फोन. "सायब, आत पार भट्टी झालीया. एसी बंदच हाय."

"रिमोट दारामागे खिळ्याला आहे. चालू करा आणि दार दहा मिनिटं उघडं ठेवा, पेडस्टल फॅन आतल्या बाजूला तोंड करून लावा."

३४ पर्यंत गेलं आणि तिथून उतरायला लागलं, पाऊण तासात २६. मामांनी नंतर फोटो पाठवला, पंखा, उघडं दार आणि खुर्ची टाकून बसलेले ते स्वतः. त्यांना कोणी बसायला सांगितलं नव्हतं.

त्यानंतर दोन बदल केले. एसीला वीज आल्यावर आपोआप चालू करणारा कंट्रोलर बसवला. आणि नटमध्ये लाइट *आल्याचा* मेसेज, जो मी आधी बंद ठेवला होता कारण आनंदाची बातमी कशाला पाठवायची, तो चालू केला, टायमरशिवाय, आणि त्यात लिहिलं: लाइट आली, एसी चालू आहे का बघा. हा मेसेज मामांच्याही फोनवर जातो, मराठीत. मला वाटतं या सगळ्या सेटिंगमधला सगळ्यात उपयोगी मेसेज हाच आहे.

आणि वर ३८ ला शटडाउन लिहिलंय ते कुठलं, हे नीट बघा, कारण इथे लोक चुकतात. लाइटसाठी एफएसडी, म्हणजे यूपीएस तुटतो, परत येतो, सर्व्हर स्वतः उठतो. उष्णतेसाठी मुद्दाम साधी शटडाउन कमांड, किलपॉवर नको. नाहीतर काय होईल, ३८ ला सर्व्हर बंद, तीन मिनिटांनी यूपीएसने सप्लाय परत दिला, सर्व्हर त्याच भट्टीत चालू, पुन्हा ३८, पुन्हा बंद, रात्रभर हेच. उष्णतेने बंद झालेला सर्व्हर माणूस येईपर्यंत बंदच राहिला पाहिजे. लाइटसाठी जी चूक होती तीच इथे बरोबर आहे.

आयपीएमआयच्या टेस्टसाठी आयपीएमआयटूलमध्ये तयार तीन खोट्या घटना आहेत, १ तापमान, २ व्होल्टेज, ३ मेमरी. १ सोडली की लॉगमध्ये तापमान वाढल्याची नोंद पडते आणि पीईएफचा अलर्ट निघतो का ते कळतं. पीईएफमध्ये पॉवर ऑफ लावलेलं असेल तर ऑफिसच्या वेळेत ही टेस्ट अजिबात करू नका. इव्हेंट लॉगची जागा मर्यादित असते, बऱ्याच मशीनवर ती भरली की नवीन नोंद पडतच नाही, म्हणून महिन्याला कॉपी काढून रिकामा करा. बीएमसीचं घड्याळ तपासा, आमच्याकडे ते साडेपाच तास मागे होतं आणि मी घटना भलत्याच वेळेला शोधत बसलो होतो. आणि बीएमसीचा लॅन पोर्ट शाखांच्या नेटवर्कला उघडा ठेवू नका, आयपीएमआय २.० मध्ये लॉगिनचा नुसता प्रयत्न करणाऱ्यालाही पासवर्डचा हॅश (ज्यावरून पासवर्ड ओळखायचा प्रयत्न करता येतो) मिळतो, ही रचनेतलीच खोट आहे, पॅच नाही. वेगळं व्हीलॅन (त्याच स्विचवर वेगळं काढलेलं नेटवर्क) आणि लांब पासवर्ड, एवढंच हातात आहे.

वॉचडॉग फक्त बॅकअप सर्व्हरवर लावलाय. लिनक्सने ठरावीक वेळात बीएमसीला 'मी आहे' सांगितलं नाही तर बीएमसी रीसेट मारतो. बॅकअपवाला लटकला तर रीसेट परवडतो. मुख्य सर्व्हर लटकला तर मला आधी स्क्रीन बघायची असते, म्हणून तिथे नाही.

स्मार्टडीबद्दल थोडक्यात, कारण ते त्रासच देत नाही. दर ३० मिनिटांनी डिस्क बघतं. रीअलोकेटेड, पेंडिंग आणि ऑफलाइन अनकरेक्टेबल, म्हणजे ५, १९७ आणि १९८ नंबर, या डिस्कवरच्या खराब जागा मोजणाऱ्या तीन आकड्यांवर लक्ष ठेवा, यातला एक जरी शून्यावरून हलला तर नवीन डिस्क मागवून ठेवा. रात्रीची छोटी टेस्ट आणि आठवड्याची मोठी टेस्ट त्यातच लावता येते. रेड (RAID) कार्डाच्या, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडणाऱ्या कार्डाच्या, मागे डिस्क असतील तर त्या आपोआप सापडत नाहीत, मेगारेड असा प्रकार देऊन एकेक नंबर लिहावा लागतो, हे न केल्यामुळे बऱ्याच ठिकाणी स्मार्टडी वर्षानुवर्षं चालू असतं आणि रेड कार्डाच्या व्हर्च्युअल डिस्ककडे बघत असतं, जिथे काही दिसतच नाही. लिनक्सचं सॉफ्टवेअर रेड असेल तर ते सांभाळणाऱ्या एमडीएडीएम या टूलचं मॉनिटरही लावा, दोघांचं काम वेगळं, एक सांगतं डिस्क आजारी आहे, दुसरं सांगतं डिस्क गेली. दोघांनाही टेस्ट मेसेज पाठवायचा पर्याय आहे. आपोआप काही करायला लावू नका. डिस्क आजारी असताना मशीनने रीबूट मारला आणि ती परत उठलीच नाही, असं मी एका मित्राच्या क्लिनिकमध्ये बघितलंय.

मेसेज जातो कसा, हे सगळे विचारतात. बीएमसीचा स्वतःचा ईमेल अलर्ट मी सोडून दिला. जुन्या बीएमसीला आजच्या मेल सर्व्हरचं एन्क्रिप्शन जमत नाही, आणि फुकटच्या मेल खात्यांवर नुसता पासवर्ड टाकून मेल पाठवणं २०२२ नंतर अवघड झालं, वेगळा ॲप पासवर्ड काढावा लागतो. त्यामुळे बीएमसी फक्त लिनक्सला सांगतो आणि लिनक्स बाहेर पाठवतं. एसएमएस चांगला होता, पण आता डीएलटीवर (टेलिकॉम कंपन्यांची एसएमएस नोंदणीची यंत्रणा) संस्थेची नोंदणी, हेडर, प्रत्येक मेसेजचा टेम्प्लेट मंजूर करून घ्यायचा, आमच्याकडे ग्राहकांच्या एसएमएससाठी ते आहे पण त्यात 'खोली तापली' हा टेम्प्लेट कोण टाकून देणार. टेलिग्रामचा बॉट दहा मिनिटांत झाला आणि चालतोय. रोज सकाळी ८ ला एक 'सर्व ठीक' मेसेज येतो, तापमान, बॅटरीचं व्होल्टेज आणि डिस्कचे तीन आकडे. तो आला नाही की मी समजतो काहीतरी बंद पडलंय. बंद पडलेला अलर्ट स्वतःहून सांगत नाही की मी बंद पडलोय.

दर तीन महिन्यांनी शनिवारी संध्याकाळी प्लग ओढतो. नट कमांडनेही टेस्ट करता येते, पण प्लग ओढल्यावर जे दिसतं ते कमांडने दिसत नाही. मागच्या वेळी दिसलं की आठपैकी एक बॅटरी फुगलीय. यूपीएसची १० सेकंदांची सेल्फ टेस्ट ती आरामात पास होत होती, नवव्या मिनिटाला बसली. आता आठही बदलायच्या, एकच बदलली तर जुन्या सात नवीनला खाऊन टाकतात.

नवीन यूपीएस घ्यायला निघाला असाल तर दुकानात जाताना लॅपटॉप घेऊन जा. यूएसबी पोर्ट आहे म्हणाले तरी विश्वास ठेवू नका, काहींचा पोर्ट आत कशालाच जोडलेला नसतो. लॅपटॉपवर नट टाकून जागेवरच लावून बघा, व्होल्टेज वाचतं का, आणि यूपीएसचा प्लग काढल्यावर स्टेटस 'ओएल'चं (लाइटवर) 'ओबी' (बॅटरीवर) होतं का. दुकानदार दोन मिनिटं वैतागेल. मी सध्याचा तसाच निवडला, तिसऱ्या पीसवर 'ओबी' आलं, तोच गाडीत टाकला.